शब्दचर्चा : पिंजऱ्यातले फिंच – मुनिया, जाती, जोडी आणि वीण

प्रश्न

घरी पाळल्या जाणाऱ्या फिंच पक्ष्यांची ओळख आणि त्यांचं ब्रीडिंग यावर मराठीत एक पुस्तिका लिहितो आहे. माहिती जमली आहे, पण दर पानावर एखादा शब्द अडतो. 'फिंच'ला 'मुनिया' म्हणू का? स्पीशीजला 'प्रजाती' की 'जाती'? ब्रीडिंगला 'प्रजनन', 'पैदास' की 'वीण'? 'बंदिवासातील प्रजनन' हा शब्दप्रयोग सगळीकडे दिसतो, पण मला तो खटकतो. का खटकतो ते नेमकं सांगता येत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

प्रतिसाद

'मुनिया' सरसकट वापरू नका. मराठीत मुनिया हे ठरावीक पक्ष्यांचं नाव आहे: ठिपकेवाली मुनिया, पांढऱ्या पाठीची मुनिया, लाल मुनिया. काही पुस्तकांत यांनाच 'मनोली' म्हटलेलं सापडेल. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाकडचा. त्याला मुनिया म्हटलं तर वाचकाची चुकीची समजूत होते.

मुळात 'फिंच' हा शब्द इंग्रजीतही सैलच आहे. कॅनरी फ्रिंजिलिडी कुळातला, म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने अस्सल फिंच. पण पाळणारे लोक 'फिंच आणि कॅनरी' असं वेगवेगळंच बोलतात. झेब्रा, गोल्डियन, सोसायटी हे पाळले जाणारे फिंच एस्ट्रिल्डिडी कुळातले, आणि आपल्या मुनियाही त्याच कुळातल्या. डार्विनच्या नावाने ओळखले जाणारे गॅलापागोस बेटांवरचे फिंच तर आता टॅनेजर या अमेरिकी पक्ष्यांच्या कुळात धरले जातात. म्हणजे फिंच हे एका कुळाचं नाव नाही. जाड, आखूड, दाणे फोडणाऱ्या चोचीच्या लहान पक्ष्यांना हे नाव पडत गेलं. 'फिंच' तसाच ठेवा. तो आता रुळला आहे.

एक अपवाद मात्र मी करेन. सोसायटी फिंच हा रानात कुठेच सापडत नाही. तो जपानमध्ये पाळीव झाला, पांढऱ्या पाठीच्या मुनियापासून. इंग्रजीत त्याचं दुसरं नाव 'बेंगालीज', पण बंगालशी त्याचा संबंध नाही. त्याला 'पाळीव मुनिया' म्हटलं तर शास्त्रदृष्ट्या अगदी योग्य ठरेल. आणि जावा स्पॅरो, ज्याला 'जावा चिमणी' म्हणतात, तोही चिमणीच्या कुळातला नाही. तो मुनियांच्याच कुळातला आहे.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्यात कायद्याची बाजू राहिली, आणि पुस्तिकेत ती यायलाच हवी. देशी मुनियांना १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचं संरक्षण आहे. त्या पकडता येत नाहीत, विकता येत नाहीत, पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत. 'स्ट्रॉबेरी फिंच' म्हणून ज्याचे फोटो फिरतात तो पक्षी म्हणजे आपली लाल मुनियाच. नाव परकं वाटलं की पक्षीही परदेशी असेल असं लोक धरून चालतात. तेव्हा तिथे 'स्ट्रॉबेरी फिंच, म्हणजे लाल मुनिया' असं ठळक लिहा.

या पक्ष्याचं आणखी एक इंग्रजी नाव 'अवदावत'. ते अहमदाबादवरून आलं. तिथून हे पक्षी परदेशी पाठवले जात. शास्त्रीय नावातला 'अमंदावा' हाही त्याच शहराच्या नावाचा अपभ्रंश. इतक्या जुन्या काळापासून हा पक्षी पकडून विकला जातो आहे.

प्रतिसाद

आता जाती-प्रजातीकडे येतो. माझं मत ठाम आहे. मराठी विश्वकोशाची परिभाषा अशी: गण, कुल, प्रजाती, जाती. त्यात प्रजाती म्हणजे जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि जाती म्हणजे स्पीशीज. हिंदीत उलट: तिथे 'प्रजाति' म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांतून हिंदीचा अर्थ मराठीत शिरला. 'जात' शब्दाला सामाजिक ओझं असल्यामुळेही अनेक लेखक 'प्रजाती'कडे वळले असावेत. मी अजूनही 'जाती' लिहितो.

प्रतिसाद

परिभाषा मान्य, पण आजचा वाचक 'प्रजाती' वाचून स्पीशीजच समजतो. शिवाय 'जात' मराठीत वाणालाही वापरतात. आंब्याच्या जाती, भाताच्या जाती म्हणताना आपण एकाच स्पीशीजच्या आतले प्रकार सांगत असतो. फिंचच्या बाबतीत हाच घोटाळा महागात पडतो. 'माझ्याकडे पाच जातींचे झेब्रा आहेत' असं कुणी म्हणतं तेव्हा त्यांच्याकडे एकाच जातीचे पाच रंग असतात.

गोल्डियन फिंचचं उदाहरण घ्या. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन गोल्ड यांनी १८४४ साली दिवंगत पत्नी एलिझाबेथ यांच्या स्मरणार्थ त्याला नाव दिलं. याचं डोकं काळं, लाल किंवा पिवळसर नारिंगी असतं. सुरुवातीला काळ्या आणि लाल डोक्याचे पक्षी वेगळ्या जातींचे समजले गेले. आता आपल्याला माहीत आहे की ही एकच जाती आहे, आणि तिन्ही रंग रानातल्या थव्यांतही दिसतात. काळ्या डोक्याचे जास्त, पिवळ्या डोक्याचे फार विरळा.

माझी सूचना: 'जाती' घ्या किंवा 'प्रजाती' घ्या, पहिल्या पानावर अर्थ सांगा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. पण म्युटेशनला, म्हणजे एकाच जातीत बदलून आलेल्या रंगाला, यातलं काहीच नको. त्याला 'रंगप्रकार' म्हणा. आणि दोन वेगळ्या जातींच्या मिलनातून झालेल्या पिल्लालाच 'संकर' म्हणा. करडा झेब्रा आणि पांढरा झेब्रा यांची पिल्लं संकर नव्हेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

'रंगप्रकार' आवडला, घेतला. पण मग 'पांढरा फिंच' या नावाचं काय करू? लोक याच नावाने विचारतात.

प्रतिसाद

'पांढरा फिंच' नाव म्हणून ठेवूच नका, ते वर्णन आहे. झेब्रा, सोसायटी आणि जावा या तिन्ही जातींत पांढरा रंगप्रकार आहे. ओळख चोचीवरून आणि आकारावरून सांगा. झेब्रा साधारण १० सेंटिमीटरचा, चोच लाल किंवा नारिंगी. सोसायटी किंचित लांब, चोच फिकट, गुलाबी किंवा करडी झाक असलेली. जावा सरळच मोठा, १५ सेंटिमीटरच्या आसपास, चोच भरदार गुलाबी-लाल आणि डोळ्याभोवती लाल कडं.

नर-मादीबद्दल लिहिताना 'रंगावरून ओळखतात' असं एकच वाक्य सगळ्यांना लावू नका. करड्या झेब्रा नराच्या गालावर नारिंगी डाग असतो, कुशीला तांबूस पट्ट्यावर पांढरे ठिपके असतात, छातीवर काळा पट्टा असतो. मादीला यातलं काही नसतं. डोळ्याखालची काळी रेघ मात्र दोघांनाही असते, तिच्यावर जाऊ नये. पांढऱ्या झेब्रात या खुणा पुसल्या जातात, तिथे चोच पाहायची: नराची गडद लाल, मादीची नारिंगी. लहान पिल्लांची चोच काळी असते, त्या वयात घाई करू नये. गोल्डियन नराची छाती गडद जांभळी, मादीची फिकट. सोसायटीत नर-मादी दिसायला सारखेच, फक्त नर गातो. तिथे डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात.

आणि 'जोडी' हा शब्द जपून. विकणाऱ्याच्या तोंडी जोडी म्हणजे दोन पक्षी, एवढाच अर्थ असतो. दोन झेब्रा माद्या एकत्र ठेवल्या तरी दोघीही अंडी घालतात, घरटं अंड्यांनी भरतं आणि एकही फुटत नाही. मराठीत यासाठी सुंदर सोय आहे: 'जोडी लावणे' आणि 'जोडी जमणे'. लावणारा माणूस, जमणं पक्ष्यांच्या हाती. दोघं अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांची पिसं साफ करतात, नर घरट्याकडे गवत नेतो, तेव्हा जोडी जमली असं लिहा.

प्रतिसाद

ब्रीडिंगच्या तीन शब्दांबद्दल. 'पैदास' माणूस करतो, गुराढोरांची करतो तशी. त्यात निवड आणि हेतू आला. 'प्रजनन' हा शास्त्राचा शब्द, शरीरातल्या क्रियेचा. 'वीण' पक्ष्याची; 'विणीचा हंगाम' आपण सहज म्हणतो. तुमच्या पुस्तिकेत तिन्ही लागतील. 'ठरावीक रंगाची पैदास', 'प्रजननासाठी किमान वय', 'वर्षात दोन-तीनपेक्षा जास्त विणी होऊ देऊ नयेत'. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. झेब्रा तीन महिन्यांत वयात येतो आणि घरटं समोर असेल तर थांबतच नाही, मादी खंगते. सहा-आठ महिन्यांचे झाल्याशिवाय घरटं देऊ नये आणि विणींच्या मध्ये काढून ठेवावं.

क्लचला, म्हणजे एका वेळी घातलेल्या अंड्यांना, 'वेत' लिहिलेलं मी एकदा वाचलं. वेत गाई-म्हशींचं. पक्ष्यांना 'एका खेपेची अंडी' म्हणावं. झेब्राच्या एका खेपेत बहुधा चार ते सहा अंडी असतात, उबवायला दोन आठवड्यांच्या आत-बाहेर लागतात, आणि पिल्लं साधारण तीन आठवड्यांनी घरट्याबाहेर पडतात. पण बाहेर पडलं म्हणजे आईबापापासून तोडायचं नाही. 'घरट्याबाहेर पडलेलं' आणि 'स्वतः दाणे टिपणारं' हे दोन वेगळे टप्पे आहेत, मध्ये आणखी दोनेक आठवडे जातात.

'खुडूक' इथे वापरू नका. तो कोंबडीचा शब्द. झेब्रात नर-मादी दोघंही पाळीपाळीने अंड्यांवर बसतात.

फॉस्टर पेअरला, म्हणजे दुसऱ्यांची पिल्लं वाढवणाऱ्या जोडीला, 'दाई जोडी' म्हणा. सोसायटी दुसऱ्यांची पिल्लंही वाढवतात, म्हणून गोल्डियनची अंडी त्यांच्याखाली ठेवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. प्राण्यांच्या वर्तनाचे जर्मन अभ्यासक क्लाउस इमेलमान यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की सोसायटीच्या हाताखाली वाढलेले झेब्रा नर पुढे सोसायटी माद्यांनाच साद घालतात. पिल्लू कोणाच्या घरट्यात वाढलं, यावरून ते जोडीदार कोणाला मानेल हे ठरतं. दाई हा शेवटचा उपाय असावा.

प्रतिसाद

'बंदिवास' का खटकतो तर तो पकडून आणलेल्याचा शब्द आहे. रानातून धरलेली मुनिया बंदिवासात असते. सोसायटी फिंचला रानच नाही, त्याला बंदिवासात म्हणणं अर्थाला धरून नाही. त्याच्यासाठी 'पाळीव'. पण 'पाळीव' आणि 'पाळलेला' यांतला फरक सांभाळा. पाळीवपणा पिढ्यान्‌पिढ्यांत येतो. पाळलेला कुठलाही पक्षी असू शकतो. पकडून घरात ठेवलेली लाल मुनिया पाळलेली असेल, पाळीव नाही, ती वन्यच राहते. शीर्षकात 'पिंजऱ्यातली वीण' इतकं साधं लिहिलं तरी पुरे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा एकच: एग बाइंडिंगला, म्हणजे अंडं मादीच्या पोटात अडकून राहण्याला, काय लिहू? 'अंडबंधन' असं भाषांतर केलं होतं, कुणाला कळेना.

प्रतिसाद

'अंडं अडणे'. आपण 'अडलेली बाळंतीण', 'गाय अडली' म्हणतो, तसंच 'मादी अडली'. वाचणाऱ्याला लगेच कळेल की हे तातडीचं आहे. खाली लक्षणं द्या: मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपूट वरखाली हलते, जोर लावूनही अंडं येत नाही. तिला ऊब द्यायची आणि लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नये, आत फुटलं तर मादी जाते. कॅल्शियमची कमतरता, फार लहान वय, थंडी आणि लागोपाठच्या विणी ही नेहमीची कारणं. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात कायम लावून ठेवायच्या कटलबोनला (कटलफिश या समुद्री जीवाच्या आतलं कवच) मराठीत 'समुद्रफेण' असा जुना शब्द आहे, तोही पुस्तिकेत घ्या.