मदत हवी आहे: मराठीत बोलणाऱ्या माणसाचे गुंतवणुकीचे फोन आणि माझ्या खात्यात आलेले परके पैसे

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते, इस्पितळात नर्स आहे. मूळची गडहिंग्लजची. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, तेही घाबरून. घडलं ते सगळं लिहिते, काही लपवत नाही. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. रात्रपाळी करून आले होते, झोपायच्या तयारीत होते. इथल्याच मोबाइल नंबरवरून फोन आला. सुरुवात इंग्रजीत, भारतातल्या आयपीओत, म्हणजे कंपन्यांच्या पहिल्या शेअरविक्रीत, गुंतवणूक करा वगैरे. असे फोन मी एरवी दुसऱ्या वाक्याला कापते. पण त्याने माझं आडनाव घेतलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ताई, आमच्याकडच्या काय तुम्ही? मी निपाणीचा."

स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ आहेत, बसमध्ये कोकणी कानावर पडते. आमच्या भागातली बोली मात्र आईचा फोन सोडला तर ऐकायलाच मिळत नाही. "रात्रपाळी करून आलासा? मग झोपा की आधी, मी उद्या लावतो," असं तो म्हणाला आणि खरंच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत केला. त्या पहिल्या आठवड्यात त्याने पैशाचं नावही काढलं नाही. माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

मग हळूहळू योजना सांगितली. त्यांच्या कंपनीचं म्हणे "संस्थात्मक खातं" आहे, त्यातून आयपीओचे शेअर्स हमखास लागतात, शिवाय कमी भावात. सेबीच्या, म्हणजे भारतातल्या शेअरबाजार नियामकाच्या, नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवलं. त्यावरचा नंबर मी सेबीच्या साइटवर शोधला, तो खरा निघाला, त्या नावाची कंपनी आहे. तिथेच मी निर्धास्त झाले. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं, १४० सदस्य. फोनमध्ये एक ॲप टाकायला लावलं, त्यात रोजचा नफा दिसायचा. माझी जन्मतारीख, पॅन आणि पासपोर्टचा फोटो मी दिला.

पहिल्यांदा ५०० पौंड पाठवले. कंपनीचं नाव टाकलं तर माझ्या बँकेच्या ॲपने सांगितलं की खात्यावरचं नाव जुळत नाही. तो म्हणाला, ते आमच्या लंडनच्या प्रतिनिधीचं खातं आहे, कंपनीऐवजी त्याचं नाव टाका. आणि बँकेने कारण विचारलं तर "हाउस रेनोव्हेशन" लिहा, नाहीतर उगाच अडवून ठेवतात. मी तसंच लिहिलं. नऊ दिवसांनी माझ्या खात्यात ६२० पौंड आले. मला फार आनंद झाला होता. बाबांच्या फ्लॅटचं उरलेलं कर्ज फेडायला मी १८ हजार पौंड साठवलेत, त्यातले निदान निम्मे यात घालावेत असं मनात आलं.

परवा पैसे पाठवायच्या आधी ते ६२० पौंड पुन्हा उघडून पाहिले. पाठवणारी कुणी बाई आहे, इंग्रज नाव. कंपनीचं नाही, त्या "प्रतिनिधी"चंही नाही. आणि संदर्भाच्या रकान्यात लिहिलंय, "हाउस रेनोव्हेशन".

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे त्या बाईलाही कुणीतरी फोनवर हेच शब्द लिहायला सांगितले असणार. ती माझ्यासारखीच कुणीतरी आहे आणि तिचे पैसे नफा म्हणून माझ्याकडे आलेत.

मग ग्रुप नीट वाचला. "आज मुलाची फी भरली, धन्यवाद सर" हे वाक्य दोन वेगवेगळ्या माणसांनी दहा दिवसांच्या अंतराने लिहिलंय, त्यातली शुद्धलेखनाची चूकही तीच. आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तो मुंबईतून बोलतो असं सांगतो. एकदा सकाळी साडेनऊला मी विचारलं, जेवलास का? म्हणाला, "कुठलं ताई, तीन वाजले तरी उठू देत नाहीत." तेव्हा भारतात दोन वाजायला हवे होते. मी ते सोडून दिलं होतं.

आता तो दोन गोष्टींच्या मागे लागलाय. १८ हजार पाठवा, या वेळी परदेशातल्या खात्यावर. आणि माझ्या खात्यात "एका मेंबरचे" तीन हजार येतील, ते पुढे पाठवा, त्याबदल्यात माझा कोटा वाढेल.

मी काहीच पाठवलेलं नाही. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, हिंमत झाली नाही. ५०० गेले आणि ६२० आले, म्हणजे माझं नुकसान झालेलं नाही, मग कुणाकडे काय म्हणून तक्रार करायची? ते पैसे त्या बाईला परत कसे करायचे? बँकेला सांगितलं तर ती मलाच चोरांपैकी धरेल का? इथे परमिटवर आहे, नर्सिंगची नोंदणी आहे, भीती वाटते. आणि पासपोर्ट-पॅनचं काय करू? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (मँचेस्टरहून)

ताई, मी इथल्या एका बँकेत याच कामात आहे. आधी फोन उचला आणि १५९ फिरवा. त्यावरून बहुतेक मोठ्या बँकांच्या खऱ्या मदतकक्षाला फोन जोडून मिळतो. तुमची बँक त्यात नसेल तर कार्डामागच्या नंबरवर करा. तुम्हाला आलेल्या कुठल्याही नंबरवर उलटा फोन करू नका.

बँकेला दोन्ही व्यवहार सांगा, ५०० चा आणि ६२० चा. नुकसान नाही म्हणून गप्प बसू नका. तुमचे ५०० ज्या खात्यावर गेले ते खातं उद्या दुसऱ्या कुणाला दिलं जाणार आहे, तुमच्या एका फोनने ते गोठू शकतं. ६२० पौंडांना हात लावू नका. त्या बाईच्या नावावर स्वतःहून परतही पाठवू नका. तिचं खातं टोळीच्या हातात आहे की ती खरंच फसलीय, हे तुम्हाला आणि मला कळणार नाही. बँकेला कळेल.

आणि ते तीन हजार. ते आले तर पुढे पाठवायचे नाहीत, कितीही विनवण्या केल्या तरी. इथे यालाच "मनी म्यूल" म्हणतात. स्वतःच्या खात्यातून चोरीचे पैसे पुढे सरकवणं हा गुन्हा आहे आणि सिफासची (बँकांना फसवणुकीची माहिती पुरवणारी इथली संस्था) तशी नोंद लागली की सहा वर्षं राहते, खातं उघडणंही मुश्किल होतं. तुम्ही स्वतःहून आधी सांगणं आणि नंतर बँकेने शोधून काढणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. चौकशीपुरतं खातं काही दिवस अडकू शकतं, खोटं कशाला सांगू. पगार आणि भाड्याची तात्पुरती सोय नवऱ्याच्या खात्यावर करून ठेवा. म्हणजे त्यांना आज सांगावं लागेल, आणि सांगाच.

परदेशातलं खातं त्याने उगाच दिलेलं नाही. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की असं फसवून पाठवायला लावलेले पैसे बँकांनी ग्राहकाला परत द्यायचे, ८५ हजार पौंडांपर्यंत. पण तो फक्त ब्रिटनमधल्या एका खात्यातून ब्रिटनमधल्याच दुसऱ्या खात्यावर गेलेल्या पैशांना. १८ हजार बाहेर गेले असते तर हा आधार तुम्हाला नसता.

पासपोर्टचा फोटो गेलाय, म्हणून सिफासकडे पैसे भरून दोन वर्षांची संरक्षण नोंदणी मिळते ती करा. तुमच्या नावाने कुणी कर्ज मागितलं तर जास्त तपासणी होते. ते ॲप काढायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. मग ०३०० १२३ २०४० वर फसवणुकीची नोंद करा.

प्रतिसाद (पुण्याहून)

सेबीचा नंबर खरा निघाला यात तुमची चूक नाही. खऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र उचलून तिच्या नावाने फोन करणं ही त्यांची नेहमीची रीत आहे. तुम्ही तिथे राहता, तेव्हा तुम्हाला गुंतवणूक विकणारा माणूस तिथल्या एफसीएच्या (ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या) यादीतही सापडायला हवा. आणि यादीत नाव सापडलं तरी फोन करायचा तो यादीत छापलेल्या नंबरवर, त्याने दिलेल्या नाही.

आयपीओचं साधं गणित लक्षात ठेवा. अर्ज करताना पैसे तुमच्याच खात्यात अडवून ठेवले जातात, शेअर्स लागले तरच जातात. अनिवासी भारतीयांना हे त्यांच्यासाठीच्या भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ बँक खात्यातून करता येतं आणि शेअर्स तुमच्या स्वतःच्या डिमॅटमध्ये येतात. लंडनमधल्या कुणा माणसाच्या खात्यात पैसे भरून आयपीओ लागतच नाही. "संस्थात्मक खातं" नावाच्या फसवणुकीबद्दल तर सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच लोकांना सावध केलं होतं.

पॅन दिलाय, तर सिबिलचा (भारतातल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा) अहवाल काढून तुमच्या नावावर नवं कर्ज नाही ना बघा. दोन-तीन महिन्यांनी परत बघा. भारताच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाका. सेबीच्या नावाचा वापर झालाय आणि तुमचा पॅन भारतातला आहे. आणि हो, महिन्याभरात "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो" असा एखाद्या वकिलाचा किंवा पोलिसाचा फोन येईल. तोही त्यांच्यातलाच असतो.

प्रतिसाद (बँकॉकहून)

वरच्या दोघांनी कामाचं सगळं सांगितलंय. मी फक्त त्या तीन वाजल्याबद्दल लिहितो.

म्यानमारचं घड्याळ भारताच्या बरोबर एक तास पुढे आहे. तुमच्याकडे साडेनऊ, भारतात दोन, म्यानमारमध्ये तीन. थायलंडच्या सीमेलगत म्यावाडी भागात कुंपणाच्या आत मोठमोठे अड्डे आहेत, तिथून जगभर असे फोन आणि मेसेज जातात. डेटा एंट्रीची, कॉल सेंटरची नोकरी म्हणून भारतातली मुलं थायलंडला नेतात आणि तिथून सीमेपलीकडे. पासपोर्ट काढून घेतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं, त्यात महाराष्ट्रातलीही मुलं होती.

तुमचा माणूस तिथलाच आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण "उठू देत नाहीत" हे वाक्य वाचून पोटात कालवलं. तो कुठेही असला तरी तुम्ही पैसे पाठवायचे नाहीत आणि त्याच्याशी बोलायचंही नाही. तुमच्या सहानुभूतीचा उपयोग त्याच्या डोक्यावर बसलेले लोकच करून घेतील.

धागाकर्तीची भर, दुसऱ्या दिवशी

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला सांगितलं. तो रागावला नाही. गप्प बसून होता आणि मग म्हणाला, चल, फोन लाव. १५९ वर पलीकडे एक बाई होती, तिने पाऊण तास शांतपणे सगळं लिहून घेतलं. ६२० पौंड तसेच ठेवायला सांगितलेत, पुढचं ते कळवतील. त्या दुसऱ्या बाईच्या बँकेला कळवणार का, असं मी विचारलं, तर तपशील सांगता येत नाही म्हणाली, पण आवाजावरून वाटलं की कळवतील. खातं चालू आहे. ०३०० वाल्या नंबरवर नोंद झाली, तिचा क्रमांक मिळाला. सिफासचं आज केलं. सिबिल आणि भारतातली तक्रार सुट्टीच्या दिवशी करेन.

ग्रुपमधून बाहेर पडले. तासाभरात त्याचा मेसेज आला, "ताई, काय चुकलं काय माझं? जेवलासा का?" मी उत्तर दिलं नाही. नंबर बंद करण्याआधी त्या मेसेजचाही स्क्रीनशॉट घेतला.

बँकॉकच्या दादांना एकच विचारायचंय. त्याने बोलता बोलता निपाणीजवळच्या एका गावाचं नाव घेतलं होतं, घरी आई आणि धाकटी बहीण आहे म्हणाला होता. हे सगळं खोटं असू शकतं, मला कळतं. पण खरं असलं तर त्या घरी कुणीतरी त्याची वाट बघत असेल. गावाचं नाव, त्याचा आवाज असलेले दोन व्हॉइस मेसेज आणि ते घड्याळाचं, एवढं माझ्याकडे आहे. हे भारतातल्या तक्रारीतच लिहू, की यांगूनच्या आपल्या दूतावासाला वेगळं कळवू?