सचिन नाग: जलतरणपटू की वॉटरपोलोचे खेळाडू?

पाऊसवेडी:
लेकीला शाळेत आशियाई स्पर्धांमधल्या भारताच्या पहिल्या सुवर्णपदकावर बोलायचंय. सचिन नाग हे नाव सापडलं. पण एकीकडे १०० मीटर फ्रीस्टाइल दिसतंय, दुसरीकडे वॉटरपोलोचा संघ. त्यांचा नेमका खेळ कोणता?

जुना_पोलोवाला:
ताई, दोन्ही. मी वॉटरपोलो, म्हणजे पाण्यात पोहत चेंडू गोलात टाकायचा सांघिक खेळ, खेळलोय; आम्ही त्याला नुसतं पोलो म्हणतो. म्हणून त्या बाजूने सांगतो.

जन्म १९२० चा, बनारसचा. पोहणं गंगेतच शिकले, पुढे कलकत्त्याला गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते १०० मीटर पोहले आणि पोलोही खेळले. चिलीला आपण ७-४ हरवलं, त्यातले चार गोल नागांचे!

पोलोत डाव सुरू होताना दोन्ही संघ आपापल्या गोलरेषेवर असतात. शिट्टी झाली की मधल्या चेंडूकडे धाव. तिथे स्प्रिंटर असेल तर चेंडू बहुतेक वेळा आपलाच. पण शर्यतीतला माणूस तोंड पाण्यात घालून पोहतो, पोलोत मान वर ठेवावी लागते. तसं पोहताना कंबर खाली जाते, पाय दुपटीने मारावे लागतात. त्यात तेव्हाच्या नियमांत फाउलची शिट्टी झाली की खेळाडूंनी आहे तिथेच थांबायचं. थांबून पुन्हा वेग पकडणं फार दमवतं. हे करून शंभर मीटरचा वेग टिकवणाऱ्या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे.

पाऊसवेडी:
आणि पायाला गोळी लागली होती, ते खरं?

जुना_पोलोवाला:
हो, १९४७ मध्ये, कलकत्त्यातल्या अशांततेत. पुढच्या वर्षी लंडन! मार्च १९५१ मध्ये दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर १ मिनिट ४.७ सेकंदांत पोहून सुवर्ण घेतलं, तेव्हा वय तीस. त्याच स्पर्धेत पोलोचं सुवर्णही भारताला मिळालं. १९५२ ला हेलसिंकीतही ते पोलो खेळले.

कोल्हापुरी_पाणी:
त्यानंतर जलतरणात आशियाई पदक थेट १९८६ मध्ये, खजान सिंगचं रौप्य. मग २०१० मध्ये आमच्या वीरधवल खाडेचं कांस्य. सुवर्ण मात्र अजून नागांचं एकच.

जुना_पोलोवाला:
बरोबर. ते १९८७ मध्ये गेले आणि ध्यानचंद पुरस्कार जाहीर झाला २०२० मध्ये. याची मला आजही चीड येते. ताई, लेकीला हे दोन्ही आकडे बोलायला सांगा. वेळ कमी पडला तर बाकीचं गाळा, चिलीची मॅच ठेवा.