शिवडी दफनभूमीतल्या नोंदीवरून कुटुंबाचा शोध : मदत हवी आहे

नमस्कार,

माझी आत्या परळला नर्स होती. ती गेल्यावर तिचं कपाट आवरताना जुन्या साडीत गुंडाळलेलं एक मराठी बायबल मिळालं. ते तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका सिस्टरांचं. आतल्या कोऱ्या पानावर त्यांच्या घरच्या नोंदी आहेत : स्वतःचा बाप्तिस्मा, अहमदनगर, १९१४, मग लग्न, मग दोन मुलींचे जन्म. शेवटची ओळ वेगळ्या, कोवळ्या अक्षरात आहे : ‘आई प्रभूत झोपी गेली, १२ ऑगस्ट १९६१. शिवडी.’ बहुधा थोरलीने लिहिली असावी. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

हे बायबल मला त्या मुलींना किंवा त्यांच्या मुलाबाळांना द्यायचं आहे. आईच्या हातचं अक्षर परक्याच्या घरात राहू नये असं फार वाटतं.

मुंबईत जागेच्या टंचाईमुळे साध्या कबरी काही काळाने पुन्हा वापरतात आणि अस्थी कोनाड्यात हलवतात. कायमची जागा घेतलेली नसेल तर साठ वर्षांनी थडगं मिळणं कठीणच. त्यामुळे सगळी भिस्त दफनाच्या रजिस्टरवर आहे. तारीख हातात आहे, म्हणजे त्या दोन-तीन दिवसांची पानं पाहिली तरी पुरे. त्या नोंदीत मला सगळ्यात जास्त हवं आहे ते विधी करणाऱ्या पाळकांचं नाव. पाळक कळले की मंडळी, म्हणजे त्यांचं स्थानिक चर्च, कळेल, आणि मुलींची लग्नं त्याच मंडळीत झाली असतील तर तिथल्या विवाह-रजिस्टरात त्यांची सासरची नावं मिळतील. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे होणाऱ्या नोंदीत वर-वधूच्या वडिलांची नावंही असतात. यांचं आडनाव नगर जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडणारं, तेव्हा वडिलांचं नाव जुळल्याशिवाय खात्री पटायची नाही.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या चर्च-नोंदींच्या नकला पाहा, असं एकाने सुचवलं. पण त्यांचा भर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांवर आणि ब्रिटिश काळावर आहे. १९६१ साली गेलेल्या मराठी बाईंसाठी तिथे फारशी आशा नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं :

शिवडीची त्या काळातली रजिस्टरं पाहायला नातेवाईक नसलेल्या माणसाला परवानगी मिळते का? अर्ज कोणाच्या नावे करायचा? बरोबर पाळकांचं पत्र नेलं तर काम सोपं होईल का?

नगरकडची बाजूही पाहायची आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१पासून होतं, आणि १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर बऱ्याच मंडळ्या त्यात गेल्या. मग १९१४च्या बाप्तिस्म्याच्या वह्या मंडळीकडेच राहिल्या की डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताकडे, गेल्या? त्यांच्या माहेरचं कोणी अजून नगरला असेल, तर हा रस्ता मुंबईपेक्षा जवळचा ठरेल.

महापालिकेच्या मृत्युनोंदीसाठी एफ दक्षिण वॉर्डात अर्ज करतोच आहे, कारण मृत्यू परळलाच झाला असावा. १९६१च्या नोंदीचा उतारा कोणी काढला असेल तर त्यावर पत्ता असतो का, तेवढं सांगा.

मुली हयात असू शकतात, म्हणून नाव इथे देत नाही. नगर किंवा भायखळा-परळच्या मंडळ्यांशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा; नाव आणि त्या पानाचा फोटो लगेच पाठवतो.