बटेर: शेडात गर्दी झाली, टॉनिकनं भागेल का?

विट्याची_पोल्ट्रीवाली
नमस्कार मंडळी. आमचं बटेरचं शेड 20 बाय 12 फूट, वर पत्रा, खाली भाताचा तूस. आजवर 1200 पिल्लांच्या चार बॅच काढल्या. पाचव्या आठवड्यात सरासरी 195 ग्रॅम भरायची, मरतूक 45 च्या आत. मार्चमध्ये पिल्लंवाल्याकडं माल जादा झालेला, 10 रुपयांनी देतो म्हणाला. मोह आवरला नाही, 1800 सोडली.

गर्दीचा ताण पडू नये म्हणून लिव्हर टॉनिक, व्हिटॅमिन सी, इलेक्ट्रोलाइट आणि कॅल्शियम, सगळं रोज पाण्यातून दिलं. बिल 3100. तरी 140 मेले, सरासरी 165 वर अडकली, आणि कित्येकांची टाळकी चोची मारून सोललेली. व्यापाऱ्यानं 420 पक्षी छाटण म्हणून बाजूला काढले, 48 च्या जागी 24 रुपये दिले. खाद्य नेहमीचंच, ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबडीच्या लहान पिल्लांचं), 42 रुपये किलो. टॉनिक बदलू की मात्रा वाढवू?

तुसातला_म्हातारा
ताई, टॉनिक राहू दे, आधी हिशेब कर. आधीच्या बॅचला 1155 पक्षी गुणिले 48, म्हणजे 55,440. या खेपेला 1240 चांगले आणि 420 छाटण मिळून 69,600. हातात 14,160 जास्त आले, म्हणून बॅच बरी गेली असं वाटतं. आता जादा 600 पिल्लांचे 6000, अर्धा किलोच्या हिशेबानं 300 किलो खाद्याचे 12,600, आणि तुझं टॉनिक 3100. गेले 21,700. साडेसात हजार पदरचे घालून तू 600 पक्षी सांभाळलेस की!

चौरस फुटाला पाच होते ते साडेसात केलेस. शेडात उभं राहून वास येत नाही म्हणू नकोस. उकिडवी बस, नाक पक्ष्याच्या उंचीला ने आणि दहा श्वास घे. डोळे चुरचुरले तर त्या बिचाऱ्यांचे रात्रंदिवस चुरचुरतायत. तुसाची मूठ दाबून बघ, लाडू वळला तर ओला आहे. आणि खाद्याची भांडी किती वाढवलीस?

विट्याची_पोल्ट्रीवाली
काका, भांडी 12 च होती, तेवढीच ठेवली. हे डोक्यातच आलं नाही.

तुसातला_म्हातारा
मग निम्मं उत्तर तिथंच आहे. दांडगे पक्षी भांडं अडवून बसतात, बारके फिरत राहतात. सरासरीनं हे कळत नाही. 50 पक्षी एकेक करून तोल.

गुरांचा_डॉक्टर
काकांशी सहमत, पण औषधांबद्दल थोडं. कॅल्शियम आधी बंद करा. ते अंड्यावरच्या माद्यांना लागतं. पाच आठवड्यांत विकायच्या पक्ष्याला जादा कॅल्शियम दिलं तर मूत्रपिंडावर भार पडतो. इलेक्ट्रोलाइट रोज दिलं की पक्षी जास्त पाणी पितात, पातळ हगतात, तूस भिजतो आणि अमोनिया, म्हणजे डोळे चुरचुरवणारा तो वायू, वाढतो. म्हणजे गर्दीचा त्रास तुम्हीच पाण्यातून वाढवलात.

व्हिटॅमिन सी मात्र अगदीच फुकट नाही. बटेर ते स्वतःच्या शरीरात तयार करते, पण कडक उन्हाळ्यात ते पुरत नाही. ते ऊन आणि हवा लागली की लवकर उतरतं, म्हणून सकाळी टाकी भरून दिवसभर पाजण्यात अर्थ नाही. दुपारच्या तापाआधी ताजं कालवा, दोन-तीन तासांत संपेल एवढंच. त्यानं उन्हाचा ताण थोडा हलका होतो, जागा वाढत नाही.

पिंजरावाला
माझ्याकडं पण चौरस फुटाला पाचच, पण पिंजऱ्याचे चार मजले आहेत. तेवढ्याच जमिनीवर चौपट पक्षी. जादा पाहिजेत तर वर चढा, दाटी करू नका. विष्ठेचे ट्रे मात्र रोज ओढावे लागतात, आळस असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

विट्याची_पोल्ट्रीवाली
महिन्यानं लिहितेय. या खेपेला 1200 च सोडले, भांडी 12 ची 18 केली, पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं. औषध एकच, व्हिटॅमिन सी, तेही 38 च्या वर पारा गेला त्या दुपारी. चोविसाव्या दिवशी सासूबाई आणि मी नर निवडायला बसलो. छाती सरळ तांबूस असली तर नर, ठिपके असले तर मादी. सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा चलाख निघाला, आमटीत घालायच्या आधी डाळ निवडावी तसं! नर मधे जाळी लावून पलीकडं टाकले, टाळकी सोलणं थांबलं.

आज तिसावा दिवस. काकांचं ऐकून 50 पक्षी एकेक करून तोलले: सगळ्यात हलका 146, सगळ्यात जड 201. मागच्या बॅचचे शेवटी 12 तोलले होते, त्यातला एक 104 चा होता. मरतूक आतापर्यंत 31. तूस मुठीतून सुटतोय.

आता नवीन भानगड. मिस्टर म्हणतात, नर विकले की पलीकडची जागा मोकळीच आहे, लगेच 400 पिल्लं आणून टाकू. मोठ्या पक्ष्यांशेजारी एका दिवसाची पिल्लं चालतील का? काका, तुम्हीच सांगा, माझं ते ऐकत नाहीत.

तुसातला_म्हातारा
अजिबात नाही. जाळीच्या दोन्ही बाजू रिकाम्या कर, तूस बाहेर काढ, चुना मार, दहा-बारा दिवस शेड तापू दे. मिस्टरांना हे वाचायला दे.