चाप न ओढता गोळी सुटते तेव्हा...

"चाप ओढलाच नाही तर गोळी सुटेल कशी?" हा प्रश्न ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेता गोविंदाच्या पायाला गोळी लागली तेव्हाही लोक विचारत होते. तर सुटते, आणि ते जुन्या रिव्हॉल्व्हरवाल्यांनी तरी लक्षात ठेवावं.

1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरसारख्या बनावटीत हॅमर (मागचा घोडा) खाली असला की त्याची पिन थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठोका बसताच पेट घेणाऱ्या भागावर टेकते. हत्यार हॅमरवर पडलं की झालं काम. म्हणून जाणते लोक सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि हॅमरखालचं घर रिकामं ठेवत. रुगर कंपनीने 1973 मध्ये हॅमर आणि पिन यांच्या दरम्यान पट्टी घालून ही खोड मोडली, पुढे आपल्या जुन्या हत्यारांतही तसा बदल फुकटात करून द्यायला लागली.

पिस्तुलाचं दुखणं वेगळं. तेल जास्त झालं की धूळ धरतं, त्याचा चिकट मळ फायरिंग पिनच्या भोकात साचतो. पिन पुढे अडकली की स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) बंद होतानाच बार उडू शकतो. पावसाळ्यात गंजही त्यात भर घालतो. तिथे तेल ओतायचं नाही, कोरडं पुसायचं.

पिस्तूल साफ करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड ओढा. उलट केलंत तर मॅगझिनमधली एक गोळी गुपचूप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत जाऊन बसते. नंतर करंगळी घालून चेंबर चाचपा, नुसतं बघण्यावर जाऊ नका. हॅमर किंवा सेफ्टी ढिली वाटली तर यूट्यूब बघून कानस घेऊन बसू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या.