मदत हवी आहे: कुंडीतला बुटका ज्युनिपर आतून वाळतोय

दादरला पश्चिमेच्या बाल्कनीत, १२ इंची मातीच्या कुंडीत ‘नाना’ जातीचा पसरट ज्युनिपर (सुईसारख्या पानांचं सदाहरित झुडूप) आहे. ऊन दुपारनंतरचं, कडक. लाल माती, शेणखत आणि थोडी वाळू. पाणी वरची माती सुकल्यावरच देते. शेंडे हिरवेगार आहेत, पण खोडाजवळच्या सुया तपकिरी होऊन बोट लागताच गळतात. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून पाहिली, हलणारे ठिपके नाहीत. म्हणजे लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) नसावा. नीमतेल ५ मिली प्रतिलिटर फवारलं, फरक नाही. कुंडीतून काढलं तर कडेची मुळं पांढरट, तळाची मात्र काळी, मऊ. वाळू बारीक असल्याने निचरा अडत असावा. उघड्या जुन्या लाकडावर याला सहसा पुन्हा फूट येत नाही, म्हणून छाटणी नकोच.

पाऊस तोंडावर आहे. सडकी मुळं कापून आत्ताच जाड खडीच्या मिश्रणात हलवू, की पावसाळाभर छपराखाली ठेवून नोव्हेंबरमध्ये?