सतार चालू असताना समोर नाच हवा का?

बैठकवाला:
परवा सोलापुरात एक कार्यक्रम पाहिला. डावीकडे सतार-तबला, उरलेल्या मंचावर सहा मुलींचं बसवलेलं नृत्य. मुलींची तयारी चांगली होती, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण यमन रागाचा बिनतालाचा, सावकाश वाजवायचा आलाप चार मिनिटांत गुंडाळला, कारण पुढचं सगळं मोजून ठेवलेलं. वादकाला निषादाच्या सुरावर जरा रेंगाळावंसं वाटलं तर? तिकडे मुलींचे हात आधीच वर! तार ओढून घेतलेली मींड ऐकायला मला डोळे मिटावे लागले. सतारीला नुसतं साथीला बसवलं, हे माझं मत.

ततकार:
काका, कथकात लेहरा असतोच की. सारंगीवाला तीनतालाच्या सोळा मात्रांत तीच ओळ फिरवत राहतो, तो काय लहान होतो का? आणि रविशंकर कुठून आले? भावाच्या, उदय शंकरांच्या मंडळीत नाचायचेच ते.

बैठकवाला:
आणि १९३८ मध्ये नाच सोडून मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकायला गेले. उदाहरण माझ्या कामाचं दिलंत!

ततकार:
खाँसाहेब स्वतः १९३५ मध्ये त्याच मंडळीबरोबर युरोपात वाजवत हिंडले होते. त्यांना नाही कमीपणा वाटला.

मागची रांग:
तुमचं चालू द्या. आम्हाला मागे नुसते घुंगरू ऐकू आले. तरफांची, म्हणजे खालच्या तारांची, घुमणारी आस नाही, काही नाही. वर दिव्यांची धग, बाजूला पंखा, तारा उतरणारच. दोनदा सतार जुळवली तोवर मुली हात धरून तशाच उभ्या, घामाघूम. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचे भोपळे आपल्या पंढरपूर भागातून जातात, आणि आपल्याच जिल्ह्यात ती ऐकू येईना.

बाळीवेस:
गड्ड्याला, सिद्धेश्वरांच्या यात्रेत, उंच काठ्यांचे नंदीध्वज बघता ना? पेलणारा आकडे मोजत नाही. काठी झुकेल तसं पाऊल पडतं, वाजंत्री चालूच असते. तसं नाचा की वादकाकडे बघून. मुळात बसवायचंच कशाला?

ततकार:
एकटी असले की करते. सवाल-जवाबात तबलजी काय टाकेल ते मलाही ठाऊक नसतं, मजा त्यातच. पण सहा जणी वादकाकडे बघत नाचल्या तर एकमेकींवर आपटतील. नंदीध्वज सात असतात खरे, पण ते मिरवणुकीत एकामागोमाग चालतात, वीस फुटांत गिरक्या घेत नाहीत.

बैठकवाला:
हे मात्र पटलं. मग असं करा, आलाप-जोड सतारीला मोकळा सोडा आणि तबल्याबरोबरची गत सुरू झाली की या. तिला ताल आहे, तिथे माझी हरकत नाही.

ततकार:
म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं आम्ही विंगेत. सहा जणींचे आईवडील, आत्या, मावश्या तिकीट काढून येतात, अर्धं सभागृह त्यांनीच भरलेलं असतं काका. त्यांना काय सांगू?

मागची रांग:
सांगा, पंखा बंद आहे म्हणून.